कापरा हात

फिलिप्पाबाईंनी त्याच्या हातातली टोपली काढून घेतली, एवढंच झालं. शिंगांसारखी टोकं वळवलेले चार पाव टोपलीत पडले होते, तादेओ वळत होता, आणि तेवढ्यात भट्टीच्या ओट्यापलीकडून त्यांचा पिठाने माखलेला हात पुढे आला. "थांबा मिस्त्री, मी अडकवून देते खांद्याला. हात कापतो ना तुमचा. सांडेल सगळं." आवाजात कुजकटपणा नव्हता. कणव होती. आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा त्यांनी टोपलीचा बंद त्याच्या खांद्यावर सारखा केला, वर एकदा थोपटलासुद्धा. "कोण म्हणालं हात कापतो म्हणून?" त्याने विचारलं. "अहो कोण म्हणजे काय. रविवारी प्रार्थनेनंतर बायका बोलत होत्या. फादर आऊरेल्योंनीच लिहून दिलंय म्हणे मठात. बिचारे. अकरा वर्षं सांभाळून घेतलं त्यांनी तुम्हाला, चकार शब्द काढला नाही." मागे पिंपं बनवणारा नेव्हिओ उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे सूर्यावर डाग नव्हतेच की हो. मिस्त्रीच शाई सांडत होते." दोघंतिघं हसले. फिलिप्पाबाई त्यांना गप्प बसा म्हणाल्या, आणि ते गप्प बसले, कारण आजारी माणसाला हसू नये.

घरी जायचा रस्ता सरळ होता, पण तादेओ मासळी बाजाराच्या मागून लांबच्या वाटेने निघाला. सप्टेंबरचं धुकं अजून विटांना चिकटून होतं. कमानीखाली कोणी नव्हतं. तिथे थांबून त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. बावन्न वर्षांचा हात. तर्जनीच्या पेरावर कोरणीचा घट्टा, अंगठ्याच्या नखाखाली कधीच न निघणारी काळी रेघ. याच हाताने त्याने संत आग्नेसच्या पापण्या तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या होत्या, एका नखाच्या रुंदीत एकवीस केस, आणि ते मोजायला लोक भिंग घेऊन यायचे. आता तो हात बघत होता, आणि बघता बघता त्याला वाटलं की बोटांची टोकं हलताहेत. नाडीचे ठोके असतील. कोणाचाही हात असा डोळ्यांसमोर धरला तर एवढा हलतोच. हलतो ना? यापूर्वी आपण कधी धरून पाहिला होता का? नव्हता पाहिला. चाळीस वर्षं हात नुसता काम करत होता आणि त्याच्याकडे बघायची वेळच कधी आली नव्हती. आता एका पाववालीने बघायला लावलं. छे, पाववालीने नव्हे. त्या म्हाताऱ्याने. मनातल्या मनात का होईना, फादरांना तो पहिल्यांदाच अरेतुरे करत होता. जीभ न हलवता केलेल्या त्या एकेरी उच्चाराने त्याला थंडीत दारूचा घोट घेतल्यासारखं बरं वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी फादर आऊरेल्यो त्याच्या दुकानात आले ते त्यानेच कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं एक चित्र हातात घेऊन. कॅथीड्रलच्या मंडळातले पाद्री, घराण्याने बरे, गणिताचं वेड असलेले, उजव्या डोळ्यात तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागलेला. चित्रातल्या एका माशीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, "ही तू काढलीस? समोर माशी ठेवून?" तो हो म्हणाला. "मेलेली?" "नाही, जिवंत. साखर घातली होती तिच्यासाठी." फादर पोट धरून हसले आणि त्याला आपल्या घराच्या मनोऱ्यावर घेऊन गेले. वर एक अंधारी खोली होती, झडपा लावलेल्या, आणि एका झडपेला भोक पाडून त्यातून दुर्बीण बाहेर काढलेली. दुर्बिणीच्या आतल्या तोंडासमोर कागद ताणून बसवलेला, आणि कागदावर थाळीएवढा सूर्य पडलेला. तादेओने सूर्य असा कधी पाहिला नव्हता. पांढरा, मऊ, कडेला किंचित काळवंडलेला, आणि त्याच्या अंगावर चार डाग. "काढ," फादर म्हणाले. "लवकर. तो थांबत नाही." सूर्य कागदावरून सरकत होता. तादेओने पेन्सिल टेकवली, आणि पहिल्याच डागापाशी त्याच्या लक्षात आलं की हा नुसता ठिपका नाही. मधे काळं बुबुळ आहे, भोवती राखाडी झालर आहे, झालरीला कडेकडेने सुरकुत्या आहेत. त्याने ते सगळं काढलं. फादरांना एकाच डोळ्याने, तेही अंधुक दिसायचं. त्यांनी कागद नाकाशी नेला आणि एकेक झालर बघितली. मग म्हणाले, "एवढं सगळं आहे होय तिथे?" तेव्हापासून सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी, माध्यान्हीची घंटा व्हायच्या आत, तादेओ कोरणी खाली ठेवायचा आणि मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या चढायचा. जेवण तीनला, गारढोण. हजाराच्या वर कागद झाले.

आणि डागांची वाकडी वाट पहिल्यांदा त्यालाच दिसली होती. हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आजपर्यंत ठाऊक असायला हवं असं त्याला वाटलंही नव्हतं. एका सप्टेंबरात, लागोपाठ नऊ दिवस आकाश निरभ्र होतं तेव्हा, त्याने नऊ कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. एकच डाग नऊ ठिकाणी, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकलेला, आणि ते नऊ ठिपके सरळ रेषेत नव्हते. होडीच्या बुडासारखे खाली वाकले होते. डिसेंबरात पाहिलं तर वाट सरळ. मार्चमध्ये पुलाच्या कमानीसारखी वर वाकलेली. जूनमध्ये पुन्हा सरळ. त्याने फादरांना तसं सांगितलं, जसं एखाद्याला तुमच्या भिंतीला पोपडा आलाय म्हणून सांगावं. फादर खाली बसले. त्यांना रडू आलं. मग त्यांनी त्याला बऱ्याच गोष्टी सांगितल्या, त्यातल्या निम्म्या त्याला कळल्या. सूर्य कललेला आहे, आणि आपण त्याच्याभोवती फिरतो म्हणून कधी तो आपल्याकडे झुकलेला दिसतो, कधी पलीकडे. वाट वाकते ती आपण चालतो म्हणून. "तू पृथ्वीचं चालणं काढलंस तादेओ," ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. एका पाद्र्याने कोरक्याच्या हाताचं. तो ओशाळला होता. त्यावर फादरांनी लॅटिनमध्ये जाडजूड हस्तलिखित लिहिलं, त्यात त्याचा उल्लेख एकदाच होता, 'माझा चित्रकार'. तेव्हा तेही पुष्कळ वाटलं होतं.

त्याची बायको लाव्हिनिया गेली ती एका फेब्रुवारीत. एकोणीस दिवस धुकं होतं, एकोणीस दिवस तो तिच्या उशाशी होता, आणि विसाव्या दिवशी साडेअकराला ऊन पडलं. ती झोपली होती. तासाभरात येतो, असं त्याने मुलीला, ओर्सोलाला सांगितलं. वर कागदावर एकच डाग होता, क्षुल्लक, झालरसुद्धा नसलेला. उतरून आला तेव्हा ओर्सोला दारात उभी होती आणि तिने तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवसाबद्दल पुढे कधीही काढला नाही. त्या दिवसाचा कागद फादरांच्या गठ्ठ्यात होता, तारखेसह, वेळेसह. तो आता खोटा ठरला होता. तो ठिपका म्हणजे कापऱ्या हाताची चूक. म्हणजे त्या दिवशी तादेओ बायकोला एकटीला टाकून जे बघायला गेला होता ते तिथे नव्हतंच. इथपर्यंत विचार आला आणि मासळी बाजाराच्या भिंतीला टेकून त्याला उभं राहावं लागलं. राग येतो म्हणजे काय हे त्याला आजवर माहीत नव्हतं. पोटात काहीतरी गार, जड, तांब्याच्या पत्र्यासारखं उभं राहिलं होतं.

घरी ओर्सोलाच्या हातात मठाचा, म्हणजे तिथल्या धर्मचौकशीचा, कागद होता. गुरुवारी सकाळी नऊ वाजता हजर राहावं, फादर आऊरेल्यो यांच्या जबानीला दुजोरा देण्यासाठी. "दुजोरा म्हणजे?" ती म्हणाली. ती चोवीस वर्षांची होती, पत्रे घासून घासून तिचे कोपर वडिलांसारखेच काळे झाले होते. "म्हणजे मी हो म्हणायचं." "आणि नाही म्हणालात तर?" त्याने टोपली ठेवली आणि तसाच फादरांच्या घराकडे निघाला.

फादर मनोऱ्यावर नव्हते, खाली, शेगडीपाशी गुडघे शेकत बसले होते. उन्हाळ्यापासून ते एकदम वाळले होते. उन्हाळ्यात रोमहून आलेला एक जाहीरनामा गावोगावच्या चर्चमध्ये वाचला गेला होता. एका सत्तरीच्या गणित्याला गुडघ्यावर बसवून, पृथ्वी फिरते हे माझं म्हणणं खोटं होतं, असं वदवून घेतलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांत मठातली माणसं येऊन फादरांचं हस्तलिखित आणि चित्रांचे गठ्ठे घेऊन गेली.

"बस तादेओ."

"उभाच बराय."

"रागावलायस."

"पाववाली माझी टोपली धरते फादर. रस्त्यात."

फादरांनी डोळे मिटले. "मी काय करायला हवं होतं, तूच सांग. वाट वाकते हे खरं म्हटलं तर पृथ्वी फिरते. वाट वाकत नाही म्हटलं तर हजार चित्रं कशी काय वाकली? कोणाचं तरी चुकलं असायला हवं. माझी दुर्बीण बिघडली म्हणालो असतो तर त्यांनी ती तपासली असती. हात तपासता येत नाही."

"म्हणून माझा दिलात."

"अरे, तुझं काय होणार आहे? चार लोक हसतील. चार महिन्यांनी विसरतील. मला त्यांनी कोठडीत घातलं असतं. आणि कागद जाळले असते, हे लक्षात घे. आता कागद मठाच्या कपाटात आहेत. चुकीची चित्रं कोणी जाळत नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी कपाट उघडेल." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, डोळे चमकायला लागले. ते खरोखर खूश होते. आपण एक गणित फार सफाईने सोडवलंय असं त्यांना वाटत होतं, आणि तादेओ त्या गणितातला एक आकडा होता.

"माझं हातावर पोट आहे फादर," तो म्हणाला.

"मी आहे ना. तुला काही कमी पडू देणार नाही."

"संत उर्सुलाच्या ननांचा पत्रा माझ्याकडे कोरायला आहे. कापऱ्या हाताला कोण देतं देवाची मूर्ती?"

"तादेओ." म्हातारा पुढे वाकला. "गुरुवारी नुसतं हो म्हण. एक शब्द. पाया पडू का तुझ्या?"

पडले असते. तेवढे घाबरले होते. तादेओ त्यांच्या टकलाकडे, त्यावरच्या तपकिरी चट्ट्यांकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांनी सवयीने त्या चट्ट्यांच्या जागा टिपल्या, तीन मोठे, दोन लहान, एकाला झालर. नाही म्हटलं की काय होईल हे त्याला स्वच्छ दिसलं. हा म्हातारा कोठडीतल्या गवतावर बसलेला दिसला. त्याला दया यायला हवी होती. तो बाहेर पडला.

दोन दिवस तो नाही हाच शब्द तोंडात घोळवत होता, बडीशेपेसारखा. पत्र्यापुढे बसला की त्याला वाटे, आता रेघ वाकडी जाणार. जात नव्हती. पण जाईल या भीतीने तो पूर्वी एका श्वासात ओढायची रेघ आता तीन श्वासांत ओढायला लागला, आणि तीन श्वासांत ओढलेल्या रेघेत जीव नव्हता. ओर्सोला पलीकडून बघत होती. "बघू नकोस," तो एकदा म्हणाला. "मी कुठे बघतेय," ती म्हणाली, आणि बघत राहिली.

मठातली चौकशीची खोली चांगली उजेडाची होती. त्याला काळोख अपेक्षित होता. पांढऱ्या भिंती, एक लांब टेबल, टेबलावर पेअरची थाळी. चौकशी करणारे संन्यासी फ्रा दिओनीजो पेअर सोलत होते. सालीची एकच अखंड फीत खाली लोंबत होती, आणि तादेओच्या मनात आलं, या माणसाचा हात चांगला आहे. बाजूला कारकुनी करणारा तरुण साधू, फ्रा मेल्किओर, शाईने बरबटलेला. जबानी आधीच लिहून तयार होती. मेल्किओरने ती वाचून दाखवली. मी, तादेओ, तांब्यावर कोरणारा, राहणार फेर्रारा, गेली अनेक वर्षं हाताच्या कंपाने पीडित असून, त्यामुळे मी काढलेल्या चित्रांत ठिपक्यांच्या जागा चुकल्या.

"बरोबर आहे ना?" फ्रा दिओनीजो म्हणाले.

"नाही."

त्यांनी पेअरची फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावली. रागावले नाहीत. "काय बरोबर नाही?"

"हात कापत नाही माझा. ठिपके होते तिथेच काढलेत. वाट वाकते."

"वाट वाकते की नाही ते तुम्हाला विचारलेलं नाही, मिस्त्री. तो तुमचा विषय नव्हे. तुम्हाला हाताबद्दल विचारलंय."

"हाताचंच सांगतोय."

"मग दाखवा की. वर्तुळ काढा एक. परकाराशिवाय." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. हे त्यांनी आधी ठरवलं होतं की आत्ता सुचलं, कळायला मार्ग नव्हता. मेल्किओरने पीस बुडवून दिलं.

तादेओने पीस हातात घेतलं आणि खोली लांब गेली. त्याच्या आत दोन दिवस साठलेलं ते गार, जड काहीतरी खांद्यातून दंडात उतरलं, दंडातून मनगटात, आणि तिथे आल्यावर त्याचं ओझं वाटेनासं झालं. त्याला कळलं की आपण हे वर्तुळ म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती काढतोय. प्रत्येक अंश त्याला कोठडीच्या जवळ नेणार आहे. त्याने श्वास सोडला आणि एका दमात, मनगट न टेकता, वर्तुळ काढलं. रेघ जिथून निघाली तिथेच, केसाचाही फरक न पडता, येऊन मिळाली. तीस वर्षांत इतकं चांगलं वर्तुळ त्याच्या हातून उतरलं नव्हतं. त्याने पीस खाली ठेवलं. त्याला हसू येत होतं.

फ्रा दिओनीजोंनी कागद उचलून खिडकीकडे धरला. बराच वेळ पाहिला. "हं," ते म्हणाले. "इथे." त्यांनी डाव्या बाजूला खाली बोट ठेवलं. "बघ रे मेल्किओर."

मेल्किओरने मान पुढे काढली. त्याने कागदाकडे पाहिलं, मग फ्रा दिओनीजोंकडे, मग पुन्हा कागदाकडे. "हो," तो म्हणाला. "इथे थोडी हललीय."

"आणि वर?"

"वरही आहे. जराशी."

"बघा तुम्हीच," म्हणत फ्रा दिओनीजोंनी कागद तादेओपुढे ठेवला. सुरात दमदाटी नव्हती. वैद्य रोग्याला त्याचीच जीभ आरशात दाखवतो तसं चाललं होतं.

"परकार आणा," तादेओ म्हणाला.

"परकार कशाला? तिघांना सहा डोळे आहेत."

तादेओने कागदाकडे पाहिलं. वर्तुळ गोल होतं. त्याने डाव्या बाजूला खाली पाहिलं. गोलच होतं. पुन्हा पाहिलं. कागदाचा पोत तिथे जरा खरखरीत होता, शाई धाग्यात किंचित पसरली होती, आणि पसरली होती म्हणून, किंवा दोन माणसांनी तिथे बोट ठेवलं होतं म्हणून, रेघेला तिथे एक बारीकशी, जवळजवळ नसलेली, लाट होती. किंवा नव्हती. जितका वेळ बघावं तितकी ती होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा डोळा त्याला उत्तर देईना. या माणसांच्या ताकदीबद्दल त्याने पुष्कळ ऐकलं होतं, साखळ्या, कोठड्या. पण कोणी असं सांगितलं नव्हतं की ते नुसतं बोट ठेवतात आणि मग तुम्हाला दिसायला लागतं.

"सही करा," फ्रा दिओनीजो म्हणाले.

"नाही करणार."

"हात चांगला आहे असं लिहून घेतलं, तर फादर आऊरेल्योंनी धर्मपीठापुढे खोटं सांगितलं असं होतं. त्याची शिक्षा ठाऊक आहे?"

"आहे."

"तरी?"

"तरी."

 फ्रा दिओनीजोंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्या नजरेत थोडी ओळख होती, जणू तादेओ आत येताना होता त्यापेक्षा आता त्यांच्या जवळचा झाला होता. मग ते थकल्यासारखे मेल्किओरकडे वळले. "लिही. साक्षीदाराचा हात फार कापत असल्यामुळे त्याला सही करता आली नाही. सबब त्याच्या वतीने खूण केली आहे. दारवानाला बोलाव साक्षीला."

मेल्किओरने लिहिलं. जबानीच्या खाली त्याने एक क्रूस काढला, वाकडा, अडाणी माणसाचा असतो तसा. दारवान आला, त्यानेही एक काढला. तादेओ म्हणाला, "मी सही करत नाहीये. मला येते सही." दारवानाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "या मिस्त्री," फ्रा दिओनीजो म्हणाले. "देव तुमचा हात बरा करो."

बाहेर आल्यावर तो मठाच्या पायरीवर बसला. तो खरं बोलला होता. खरं बोलून त्याने एका म्हाताऱ्याला कोठडीत ढकललं होतं, मनापासून, आनंदाने, आणि त्यांनी त्याचं खरंही घेतलं नव्हतं आणि त्याचं पापही घेतलं नव्हतं. कागदावर त्याने फादरांना वाचवलं होतं. कागदावर तो एक भला, गरीब, कापऱ्या हाताचा माणूस होता. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची किळस आली.

आठवड्याभरात ननांचा निरोप आला, पत्रा परत द्यावा. ओर्सोला स्वतः गेली आणि पत्रा परत देऊन नवं काम घेऊन आली. "मी कोरते म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "कोरणीचं काम तुम्ही बघत नाही, तुम्ही फक्त पत्रे घासता असं सांगितलं. चालेल ना?" त्याने मान हलवली. चालण्यासारखं होतं, कारण पोटाचा प्रश्न सुटत होता, आणि नाहीतरी तिच्या रेघेत आता जीव होता, त्याच्या नव्हता. गिऱ्हाईक आलं की तो आतल्या खोलीत जायचा. बाहेरून आवाज यायचे. वडील कसे आहेत? आहेत, ओर्सोला म्हणायची. आतून ऐकताना त्याला वाटायचं की आपणच आपल्या मर्तिकाला बसलोय.

ऑक्टोबरात फादर आऊरेल्यो आले. काठी टेकत, नोकराशिवाय, एका भांड्यात कोमाक्किओ गावची लोणच्यातली ईल मासळी घेऊन. ओर्सोलाने त्यांना बाक दिला आणि स्वतः आत निघून गेली. ते तरतरीत दिसत होते. "तुझे उपकार आहेत माझ्यावर," ते म्हणाले. "मला जबानी दाखवली त्यांनी. खुणेची कल्पना फारच नामी. सही करता येत नाही म्हणालास. मी असतो तर मला सुचलं नसतं."

"ती खूण माझी नाही."

"म्हणजे?"

"मी सही करायला नाही म्हणालो. हात चांगला आहे म्हणालो. तुम्हाला कोठडीत घालतील हे ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो."

फादरांचा पांढुरका डोळा एका बाजूला आणि चांगला डोळा त्याच्यावर. तादेओ वाट बघत होता. म्हातारा ओरडेल, शाप देईल, निदान उठून तरी जाईल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी मिळणार होतं.

"बरं," फादर म्हणाले. "तेही बरोबरच आहे तुझं." त्यांनी भांडं बाकावर थोडं सरकवलं. "उद्या आकाश स्वच्छ राहील. वारा फिरलाय. दुर्बीण त्यांनी नेली नाही, ठाऊक आहे ना? चुकीची चित्रं काढणारी दुर्बीण कशाला नेतील? आता कोणी विचारणार नाही तादेओ. आपण काहीही काढलं तरी ती शाईच. मोकळे झालो आपण. तू शेवटी काढलेला तो डागांचा मोठा झुबका पश्चिमेच्या कडेआड गेला, त्याला उद्या तेरा दिवस होतात. मोजलंय मी. परवा, चौदाव्या दिवशी, पूर्वेच्या कडेवर यायला हवा."

"उद्याच चौदा," तादेओ म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

"चौदा?"

"तुम्ही धुक्याचा एक दिवस धरला नाही."

"बघ," फादर म्हणाले आणि हसले, दात नसलेल्या सगळ्या हिरड्या दाखवत. "बघ, तूही मोजतोयस."

हे त्याला सहन झालं नाही. पाववालीचा हात सहन झाला होता, दारवानाची नजर सहन झाली होती. "मी येणार नाही," तो म्हणाला.

"उद्या नाही तर परवा."

"कधीच नाही."

"मला दिसत नाही रे." हे त्यांनी प्रथमच असं सरळ म्हटलं. "उजवा तर गेलाच, डाव्यातूनही दूध सांडल्यासारखं दिसतं. कागदावर सूर्य पडतो तो मला नुसता पांढरा दिसतो, स्वच्छ. त्यांना हवा तसा. तू आला नाहीस तर तो डाग बघणार कोण?"

"कोणी नाही."

फादरांनी काठी चाचपली. उठताना त्यांनी हात पुढे केला, आधारासाठी की आणखी कशासाठी ते तादेओने पाहिलं नाही. त्याने दार उघडून धरलं. भांडं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आकाश खरंच स्वच्छ होतं. अकरा वाजल्यापासून त्याच्या पोटऱ्या ताठायला लागल्या, एकशे बारा पायऱ्यांसाठी. तो पत्रा घासत राहिला. साडेअकरा झाले. ओर्सोलाने कापेल्लाची, भोपळा भरलेल्या पिठाच्या पुड्या, केले होते, लोणी आणि सेजची सुगंधी पानं घालून, आणि सवयीप्रमाणे एक वाटी झाकून बाजूला ठेवत होती. "झाकू नकोस," तो म्हणाला. "आत्ताच जेवतो." ती थबकली. मग तिने झाकण काढलं आणि दोन ताटं मांडली. अकरा वर्षांत ऊन असताना ती दोघं दुपारी एका वेळी जेवायला बसली नव्हती. कॅथीड्रलची माध्यान्हीची घंटा सुरू झाली. पहिला घास इतका गरम होता की त्याची जीभ भाजली. गरम अन्नाला चव कशी असते ते तो विसरला होता.

आत्ता तो आलेला असेल. कडेवर डाग येतो तेव्हा गोल नसतो, आडवा दिसतो, पापणीच्या केसासारखा बारीक, आणि त्याच्या भोवतीची जागा किंचित उजळ असते. दोन दिवसांनी त्याचा डोळा उघडतो. पण पहिल्या दिवशीची जागाच महत्त्वाची, तिच्यावरून वाट ठरते. मनोऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत म्हाताऱ्याने कागद ताणून बसवला असेल, पेन्सिल टोक काढून ठेवली असेल, जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून तो बसला असेल, आणि त्याच्यासमोर थाळीएवढा सूर्य हळूहळू कागदावरून उतरून भिंतीवर जात असेल. तादेओने ते सगळं पाहिलं आणि जेवत राहिला. हा दिवस कोणत्याच गठ्ठ्यात नसेल. पन्नास वर्षांनी कागद जुळवून बघणाऱ्याला इथे भोक दिसेल.

"वाढू अजून?" ओर्सोलाने विचारलं.

"वाढ."

तिने वाढलं. मग, ताटाकडेच बघत, ती म्हणाली, "आई त्या दिवशी तुम्ही गेल्यावर जागी झाली होती. ऊन पडलं का, ते विचारत होती. हो म्हटलं, तर म्हणाली, मग जाऊ दे त्यांना."

तादेओच्या हातातला घास हातातच राहिला. घंटा थांबली होती. इतकी वर्षं ही मुलगी हे जवळ ठेवून बसली होती, आणि आजच का दिलं, दया म्हणून की शिक्षा म्हणून, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. अजून निघालं तर वर पोचेपर्यंत सूर्य कागदावर असेल, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. ती वाट बघत होती. तो घास त्याने तोंडात घातला आणि चावायला लागला, आणि उठला नाही.